पाटावरची शेवटची सायकल

हलकी राईड. असं येतं ह्यांच्या मोबाईलात, शनिवारी संध्याकाळी. "उद्या हलकी राईड, पाटाच्या कडेकडेनं, चढ नाही, शेवटी मिसळ." माझं शिक्षण बेताचंच, पण हलकी हा शब्द आता मी लांबनं ओळखते. ज्याची रात्र पंख्याखाली गादीवर गेली त्याला हलकीच हो. आमच्या माणसाची रात्र जाते गेटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि सकाळी तोच माणूस त्या खुर्चीतनं उठून सायकलवर बसतो. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू हाय, डॉक्टरनं बजावलंय उन्हात फिरू नका म्हणून. पण सांगायचं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

नाव रावजी. मी तोंडानं घेत नाय, तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं. मी भागीबाई. एरवी मी त्यांना 'हे' म्हणते, चिडले की 'राजूचा बाप'. राजू आमचा एकुलता एक, वापीला कंपनीत असतो, सणाला येतो. आम्ही मूळचे पेठकडचे, डोंगरातले. ह्यांनी सातपूरच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून उमर काढली, ती कंपनी बंद पडली तसे गंगापूर रोडच्या बिल्डिंगीत वॉचमन झाले. मी त्याच बिल्डिंगीत पोळ्या करते. बिल्डिंगीत लिफ्ट हाय, पण माझे पाय जिन्यानंच दुखायचे ठरलेले, कारण लिफ्ट कव्हा बंद पडंल त्याचा नेम नाय.

आता ह्यांच्यात काय येवढं विशेष, तर एकच. हा माणूस कुणाच्या पुढं जात नाय.

हसू नका. हे समजल्याबिगर पुढचं समजायचं नाय. आमच्याकडं भात-नागली निघाली की माणसं कामाला खाली उतरायची, द्राक्षाच्या बागांत. पायीच. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, डोक्यावर भांडी, कमरेला पोर, अशी लांबलचक रांग. त्या रांगेच्या शेवटी एक जाणता माणूस ठेवायचे, त्याला 'मागचा' म्हणायचे. मागच्यानं कुणाच्याही पुढं व्हायचं नाय. कुणी काटा काढायला बसलं, हा थांबणार. कुणी बाई आडोशाला गेली, तर हा तिकडं पाठ करून उभा राहणार, ती पुन्हा वाटेला लागेपर्यंत. हाक मारायची नाय, घाई करायची नाय, बाईमाणसाला लाज वाटती. आणि चालणाऱ्यानं काय करायचं, तर वाट सोडून कुठं जायचं असंल तर मागच्याला सांगून जायचं. न सांगता गेलं तर घरच्यांच्या शिव्या ठरलेल्या. ह्यांचा बाप मागचा होता, तो थकला तसे हे झाले. मी लग्न होऊन आले तव्हा मला वाटायचं, काय बाई हा नवरा! नवी नवरी रांगेत मधी आणि हा त्या शेवटच्या खोकणाऱ्या म्हातारीसंगं चालतोय.

शहरात आलो तरी ते गेलं नाय. यात्रेला जा, लग्नाला जा, हे सगळ्यांच्या मागं. बसमधनं उतरताना पण सगळे उतरल्यावर हे उतरणार. कंडक्टर ओरडायचे.

दुसऱ्या मजल्यावर मयूरदादा राहतात. त्यांचं कॉम्प्युटरवरचं काम, रविवारी सायकल. ते आणि त्यांच्यासारखी अजून पुष्कळ माणसं, डॉक्टर म्हणू नका, वकील म्हणू नका, सगळ्यांचा एक ग्रुप हाय. एकदा मयूरदादा ह्यांना म्हणाले, "काका, तुम्ही तर रोजच सायकल चालवता, या की आमच्याबरोबर." हे गेले. त्या चकचकीत सायकलींत ह्यांची काळी, कॅरिअरवाली, घंटीचा आवाज बसलेली. गेले आणि आपोआप शेवटी राह्यले. कुणाची चेन उतरली, हे थांबले. कुणाला दम लागला, हे थांबले. महिनाभरात ग्रुपातल्यांच्या ध्यानात आलं की ह्यांच्या पुढं असलेला माणूस कव्हा हरवत नाय. मग काय, "रावजीकाका आमचे लास्ट मॅन." टीशर्ट दिला, हेल्मेट दिलं. टीशर्ट घालून हे घरात आरशासमोर उभे राह्यले, तव्हा मी भाकरी थापत होते. मला म्हणाले, "मागं नंबर पण छापलाय बघ." मी म्हटलं, "छान हाय, आता अंघोळीला जा." पण खरं सांगते, कंपनी बंद पडल्यापासून ह्यांचा असा चेहरा मी पाह्यला नव्हता. वॉचमनला कोण नावानं हाक मारतं? एक तर 'वॉचमन', नायतर गाडीचा हॉर्न. इथं लोक रावजीकाका म्हणत होते. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. नायतर माझं तोंड बंद राहणारं नाय, आख्खी बिल्डिंग सांगंल.

राईड असायची पाटाची. गंगापूर रोडच्या अंगाला पहिले एक पाट होता, तो बुजवून रस्ता केला, लोक अजून त्याला कॅनॉल रोडच म्हणतात. पाणी गेलं, नाव राह्यलं. गोदावरीच्या पल्याड मखमलाबादच्या बाजूला मात्र पाट अजून वाहतो. एका अंगाला द्राक्षाच्या बागा, दुसऱ्या अंगाला नव्या बिल्डिंगी, मधी पाणी. ह्या लोकांना ते लय भारी वाटतं, फोटो काढतात. मला विचाराल तर पाट म्हणजे नवरात्राआधी गोधड्या आपटून आपटून खांदे निखळायची जागा. ज्याला त्याला आपलं आपलं दिसतं.

शेवटी एका बागेत मिसळीचं ठिकाण. सगळे तिथं पोचणार, खाणार, फोटो काढणार आणि मोबाईलात टाकणार, "सगळे पोचलो." त्यात हे कव्हाच नसायचे. कारण जो कुणी शेवटी रखडत असंल त्याला घेऊन हे येणार, तोवर फोटो होऊन गेलेला. सगळे म्हणजे हे सोडून सगळे. मी मयूरदादांच्या घरी पोळ्या लाटत असायची, त्यांची बायको मनालीताई मला तो फोटो दाखवायची. मी बघायची, हे नसायचे, आणि मला त्याचं काय वाटेनासं झालं होतं.

तो रविवार मे महिन्यातला. नाशिकचा उन्हाळा आता पहिल्यासारखा राह्यला नाय, सकाळीच चटके बसतात. नळाला एक दिवस आड पाणी, ते पण कव्हा येईल ते येईल. पाट मात्र दुथडी, शेतीला पाणी सोडलेलं. ह्या ग्रुपात सुमनताई म्हणून एक बाई होत्या, जुन्या कॉलनीत बंगला, डॉक्टरनं सांगितलं म्हणून या वयात नव्यानं सायकल शिकलेल्या. त्या सगळ्यांत हळू. म्हणजे त्यांच्यामागं आमचे हे. हे घरी येऊन कौतुकानं सांगायचे, "सुमनताई आता डगमगत नाय." जशी काय पोटची पोरगी.

त्या दिवशी मनालीताईंनी फोटो दाखवला. सगळे पोचलो. मी बघितला, पोळी उलटली. थोड्या वेळानं मयूरदादा घामानं निथळत आले, अंघोळीला गेले. मी भांडी घासून घरी गेले, आमची खोली जवळच हाय. भात टाकला. हे आले नाय. वरण झालं, हे आले नाय. फोन लावला तर बंद. रात्रपाळी करून आलेला माणूस, पोटात चहाशिवाय काय नाय, वर ऊन असं की पत्रा तापून कडकड वाजतोय. मी भात झाकला आणि तशीच उलट्या पावली मयूरदादांच्या दारात.

"मावशी, येतील ना," ते म्हणाले. जेवत होते. "काका लास्टच असतात."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दादा, शेवटचा म्हणजे राह्यला तरी चालतोय का? तुम्ही मिसळ खाऊन आले, झोपायची तयारी झाली, आणि तो माणूस अजून पाटावर हाय. तुम्ही त्याला तिथं पाह्यलं का? मिसळीच्या ठिकाणी आलेला पाह्यलं का कुणी?"

त्यांचा हात ताटातच राह्यला. त्यांनी पाह्यलं नव्हतं. कुणीच पाह्यलं नव्हतं. त्यांनी फोन करायला सुरुवात केली, तुमच्यामागं कोण होतं, तुमच्यामागं कोण होतं, असं करत करत सुमनताईंपर्यंत आले. मनालीताईंनी फोनचा आवाज मोठा केला. सुमनताई म्हणाल्या, "मी तर कधीच घरी आले. सासूबाईंचा फोन आला होता, नळ आलाय म्हणून, मोटर लावायची होती. मधेच एका बागेच्या बाजूनं वाट होती, तिकडून वळले."

"काकांना सांगितलं होतं?"

"नाही, ते मागे होते ना. मला वाटलं त्यांना दिसेलच."

मला सगळं लख्ख कळलं. बाई वाट सोडून आडबाजूला वळली. ह्यांना काय वाटणार? आडोशाला गेली. हे सायकल उभी करून तिकडं पाठ करून उभे राह्यले असणार. हाक नाय, घाई नाय. आणि ती बाई पाठीमागनं निघून घरी, मोटर लावायला. मी पायात चपला सरकवल्या. मनालीताई पाणी आणायला धावल्या, मी म्हटलं, "पाणी नको, गाडी काढा."

मयूरदादांच्या स्कूटरवर मागं बसून मी त्या पाटाच्या कडेनं गेले. लोकांना आवडतो तो रस्ता. मला काय दिसलं ते सांगते. पाणी दिसलं. नुसतं पाणी, काठोकाठ, मातकट, गुपचूप वाहणारं. मी देवाला म्हणत होते, एवढ्या वेळी सोड, परत ह्यांना नाय जाऊ द्यायची. असं मी पुष्कळदा म्हटलंय, देवाला पण ते पाठ झालं असंल.

आधी सायकल दिसली. बागेच्या कुंपणाजवळ, स्टँडवर नीट उभी. हँडलला हेल्मेट अडकवलेलं. कॅरिअरवर टीशर्ट, घडी घालून ठेवलेला. वहाणा खाली जोडीनं. माणूस कपडे काढून घडी करून ठेवतो तो पाण्यात उतरायलाच. मयूरदादा "काका, काका" ओरडायला लागले, त्यांचा आवाज फाटला. मी ओरडले नाय. मी नुसती पाण्याच्या दिशेनं पळत सुटले, खाली पाण्याकडं बघत.

पुढं पाट रस्त्याखालून जातो, तिथं लोखंडी जाळी हाय. गावाची सगळी घाण तिथं येऊन थटते. हार, बाटल्या, फुटक्या काचेचे देव, कुणाची तरी उशी. त्या घाणीत छातीइतक्या पाण्यात हे उभे होते. एका हातानं जाळीचा गज धरलेला, दुसऱ्या हातानं कचरा बाजूला सारून सारून खाली बघत होते. बोटांतनं रक्त येत होतं. ओठ पांढरे पडलेले.

"राजूच्या बापा!" मी ओरडले. "मेले होते मी आता! भाईर ये!" लग्न झाल्यापासून कव्हा अरेतुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं.

त्यांनी वर पाह्यलं. "भागे, तू कशाला आली उन्हाची?" म्हणाले. आणि मग एकदम लहान पोरासारखं तोंड वाकडं झालं त्यांचं. "बाई गेली गं पाण्यात. माझ्या पाठीमागं गेली. मी पाठ करून उभा होतो, मला काय ऐकू पण आलं नाय. वळून बघितलं तर बाई नाय, सायकल नाय, आणि न सांगता कुणी जातं का? फोन करायला गेलो तर तो पण खिशात भिजून गेला. भाईर जाऊन कुणाला सांगावं म्हटलं, तर तेवढ्यात ती इथनं पुढं निघून गेली म्हंजे?"

"ती घरी हाय! मोटर लावायला गेली घरी!"

पण ते ऐकंनात. त्यांना वाटलं, मी आपली त्यांना भाईर काढायला म्हणून सांगतेय. मयूरदादांनी पण सांगितलं, तरी नाय. मुंडी हलवत होते आणि पुन्हा कचऱ्यात हात घालत होते. "मी पुढं कसा जाऊ," म्हणत होते, "ती आली नाय तर मी पुढं कसा जाऊ." शेवटी मयूरदादांनी सुमनताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि आडवे पडून मोबाईल त्यांच्यापुढं धरला. मोबाईलात सुमनताई रडत होत्या. "काका, मी आहे हो. चुकलं माझं. मला वाटलं तुम्हाला कळेल."

हे मोबाईलाजवळ तोंड नेऊन बघायला लागले. डोळ्यांत पाणी गेलेलं, नीट दिसत नसंल. मग विचारलं, "ताई, नीट हाय ना?"

"हो काका."

"नळाला पाणी आलं का?"

"आलं."

"बरं झालं," हे म्हणाले. आणि गजावरचा हात सुटला.

मयूरदादा कपड्यांसकट पाण्यात उतरले म्हणून बरं. त्यांनी ह्यांना बखोटीला धरून काठाला आणलं, मी वरनं ओढलं. एवढं ऊन आणि माणूस थंडीनं कुडकुडत होता. ओकारी झाली, मग शुद्ध गेली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, अजून जरा उशीर झाला असता तर अवघड होतं. ते ऐकून मी भिंतीला टेकून उभी राह्यले. रडू येईल असं वाटलं, पण नाय आलं. आतनं सगळं रिकामं झालं होतं.

संध्याकाळी ग्रुपातले सगळे आले. शहाळी, सफरचंदं, बिस्किटं, खाटेखाली जागा राह्यली नाय. सुमनताई मऊ भात घेऊन आल्या आणि माझा हात धरून बसल्या. मला त्यांना लय बोलायचं होतं. वाटेत येताना सगळं जुळवून ठेवलं होतं मी, एकेक शब्द. पण बाईचा चेहरा बघितला आणि मनात आलं, एक दिवस आड पाणी, आणि नळ आला म्हटल्यावर कुठली बाई थांबंल? मी असते तर मी पण पळाले असते. मग काय बोलणार? म्हटलं, "भात चांगला झालाय, ताई."

सगळे गेले. मयूरदादा शेवटी गेले, जाताना ह्यांच्या पायाला हात लावून. मी स्टुलावर बसले. तव्हा कुठं माझ्या पायांनी मला सांगितलं की आज सकाळपासून तू नीट बसलीच नाय.

हे जागे होते. छताकडं बघत होते. मी म्हटलं, "एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही सगळ्यांच्या मागं. ती सुमनताई राह्यली तर तुम्ही हाय. तुम्ही राह्यले असते त्या पाण्यात, तर तुमच्यामागं कोण होतं?"

त्यांना विचार पण करावा लागला नाय. "तू होती ना," म्हणाले. किती सहज म्हणाले. जसं काय ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट हाय. त्यांना वाटलं मी हसंन. एखादी बाई हसली पण असती, डोळे पुसले असते.

मी नाय हसले. मला एकदम जाणवलं, हे खरं हाय, आणि हे लग्न झाल्यापासून खरं हाय. राजूच्या तापाच्या रात्री, कंपनी बंद पडली तो महिना, ह्यांच्या बापाचं दुखणं, सगळ्यांच्या मागं हे आणि ह्यांच्या मागं मी. मी दमले होते हो. लय दमले होते.

"आणि माझ्यामागं?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाह्यलं. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत पाणी जमा होत गेलं, ते पुसायला हात उचलावा तर त्या हाताला सुई टोचलेली.

सलाईन संपत आली होती. मी उठले आणि नर्सबाईंना हाक मारायला गेले.